बाकी सगळे शून्य

"बू वुर्यानी, ती ओळ तुम्हीच लिहिलीत ना? मग आता माझ्यापुढे कसला त्रागा करताय?"

आमचे साहेब पाक बागास खुर्चीत रेलून बोलत होते. आमच्याकडे बाईंना 'बू' आणि पुरुषांना 'पाक' म्हणायची रीत आहे. साहेबांचं वय तेहतीस. या जिल्हा कचेरीत संगणकापुढे बसून मला बावीस वर्षं झाली. संगणकाला हुकूम देणारी ती ओळ मीच लिहिली होती, हे खरंच. पाहणीतला प्रश्न होता, 'गेल्या महिन्यात एखादा दिवस उपाशी काढावा लागला का?' त्या उत्तरांवरून उपासमारीचा एक नवा रकाना तयार करायचा होता. उत्तर 'हो' असेल तर एक, बाकी सगळे शून्य. अहवाल त्याच संध्याकाळी हवा होता, साहेब माझ्या मागे उभे होते, आणि पडद्यावर कोरी जागा दिसली की त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं होतं. मी बटण दाबलं. ज्या घरांच्या उत्तराची जागा कोरी होती, तीही 'बाकी सगळे' यांत गेली आणि पोटभर जेवलेली ठरली.

कारांगदुवुर गावात साठ घरं पाहिली होती. नऊ 'हो', सतरा कोरी. माझ्या ओळीने पंधरा टक्के आले. कोरी घरं बाजूला ठेवली असती, तर एकवीसच्या जवळ गेले असते. वीसच्या खाली गेलेल्या गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचा डबा मिळत नाही. एक तारखेपासून कारांगदुवुरचा डबा बंद होणार होता.

"चूक माझीच आहे, पाक. दुरुस्त करू द्या. दोन मिनिटांचं काम आहे."

"जिल्हाप्रमुखांची सही झालीय त्यावर! आणि कोरं म्हणजे उपाशी, असं कोण म्हणतं?"

"सुत्रिस्नो म्हणतो."

सुत्रिस्नो म्हणजे त्या गावात प्रश्न विचारत फिरलेला आमचा माणूस. त्याला मी फोन केला होता. तो म्हणाला, "म्हाताऱ्या नुसत्या हसतात हो, बू. चूल गार पडलेली दिसते. त्या 'हो' म्हणत नाहीत, आणि 'नाही' लिहायला माझा हात धजत नाही. म्हणून कोरं ठेवलं." इतक्या वर्षांत एवढं खरं उत्तर मी कागदावर पाहिलं नव्हतं. आणि मेलीने मी त्याचं शून्य केलं!

साहेबांनी मान हलवली. "ठीक आहे. सतरा घरांची उत्तरं आणा, अंगठ्यासकट. सोमवारी. मी स्वतः वर जाऊन आकडा बदलून आणतो."

रविवारी पहिल्या बसने गेले. पहिलं घर साइनेम म्बाहचं, म्हणजे साइनेम आजीचं. सत्तरी उलटलेली, एकटी बाई. अंगण झाडत होती.

"ये ये, पोरी. जेवलीस का?"

"झालं, म्बाह." आमच्याकडे या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतंच. मीही तेच दिलं.

तिने ऐकलंच नाही. आत डबा खरवडल्याचा आवाज आला. ताटलीत कसाव्याच्या कंदाचं पीठ वाफवून केलेला, भाताऐवजी खातात तो तिवुल, वर चिमूटभर खोबरं.

"आणि तुम्ही?"

"माझं मघाशीच झालं."

मी कागद काढून प्रश्न वाचला. ती हसली. "अगं बाई, पाहुणीने असलं विचारायचं असतं का?"

"'हो' म्हणा ना, म्बाह. नाहीतर तुमचा डबा बंद होईल."

"होऊ दे बंद. माझा पोरगा बाटामला कारखान्यात आहे. आई उपाशी राहते, असं सरकारी कागदावर चढवून त्याच्या तोंडाला काळं फासू होय?"

"अहो, तो कागद कुणी वाचत नाही!"

"मग लिहितेस कशाला?"

तिला वाचता येत नव्हतं. 'हो' लिहून अंगठा घेतला असता, तर देवाला तरी कळलं असतं का? पेन टेकवलंही होतं मी. पण ती माझ्याकडे बघत होती, मी ताटली संपवतेय की नाही ते. तिला न विचारता मी एकदा तिचं उत्तर ठरवलं होतं. आता तिने तोंडाने दिलेलं उत्तरही खोडू? मी 'नाही' लिहिलं. तिने ऐटीत अंगठा उमटवला. मी तिवुल संपवला.

पुढच्या सोळा घरांत तेच. चहा, कुठे उकडलेलं केळं, कुठे नुसतं गरम पाणी, पण रिकाम्या हाताने कुणी सोडलं नाही. आणि अंगठे सगळे 'नाही'वर. बसकडे निघाले तर साइनेम म्बाह रस्त्याला येऊन उभी. हातात केळीच्या पानात बांधलेली तिवुलची पुडी.

"हे तुझ्या साहेबांना. इतक्या लांबून विचारपूस करतात बिचारे."

सोमवारी पाक बागासच्या टेबलावर सतरा कागद ठेवले आणि पुडी ठेवली. त्यांनी कागद चाळले, चाळता चाळता पुडी उघडली, दोन बोटांनी घास घेतला.

"वा, छान झालाय!" ते म्हणाले. "बघा बू, उगाच जिवाला लावून घेतलंत. खाऊनपिऊन सुखी आहे गाव."

मी कागद उचलले आणि संगणकापुढे जाऊन बसले. सतरा कोऱ्या जागा होत्या. एकेक करून सगळ्यांत 'नाही' भरलं.