पाळकसाहेबांच्या झांजेचा राग

मी एक जुनी झांज आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. गोड गोड काही ऐकायचं असेल, तर दुसऱ्या कुणाकडे जा.

तसा माझा स्वभाव रागीट नव्हता. बायबलात, आमच्या पवित्र शास्त्रात, प्रेमाविना बोलणाऱ्या माणसाला झांज म्हटलं आहे. मला पुसता पुसता आमच्या चर्चचे पाळकसाहेब शांतवन हसून म्हणायचे, "मनाला लावून घेऊ नको गो. तू देवाच्या वचनाबरोबर वाजतेस."

मी काशाची. कासाराने मला भट्टीत घातलं, ठोकठोक ठोकलं, माझ्या दोन तबकड्यांतून दोरी ओवली. पाळकसाहेब तेव्हा तरुण होते. रत्नागिरीतली आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी, पण त्यांचं कीर्तन असलं की चर्चच्या पायऱ्यांवरही माणसं बसायची. धोतर, अंगरखा, खांद्यावर उपरणं. भाट्याच्या सुरूच्या बनात तर समुद्रावर फिरायला आलेले परके लोकही चपला काढून वाळूत बसत. येशूचं आख्यान ऐकताना कुणी कुणाची जात विचारत नसे. काय दिवस होते ते! मी अशी खणखणायचे की सुरूवरचे पक्षी उडायचे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझा सगळा राग तिच्यात आहे. कीर्तनकार पुढे उभा राहून गातो, मागचे साथीदार ध्रुपदाची ओळ उचलून धरतात. त्याला म्हणतात झील धरणं. कीर्तनकाराला दम लागला, पुढची ओळ आठवेना, की साथीदारांनी ध्रुपद घोळवायचं, झांज जोरात वाजवायची, त्याला ओळ सापडेपर्यंत. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पुढच्या माणसाची लाज राखणं, हेच मागच्याचं काम.

हे काम आता मला वाजवणाऱ्या सुजयला पाळकसाहेबांनीच शिकवलं. सुजयचे वडील दापोलीला अंथरुणाला खिळले, तेव्हा पाळकसाहेब एसटीने धक्के खात त्यांना भेटायला जायचे. पिशवीत मी असायचेच. एकदा त्या एका आजारी माणसासाठी त्यांनी उधळ्या पुत्राचं, घर सोडून गेलेल्या पोराची वाट पाहणाऱ्या बापाचं, अख्खं आख्यान गायलं. वडील गेल्यावर त्यांनी मला सुजयच्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाजव. रडू येईल तेव्हा जोरात वाजव."

सुजय आता लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात आहे, दोन पोरांचा बाप आहे. सुट्टीला रत्नागिरीला घरी येतो, कीर्तनाला साथ करतो.

यंदाच्या कापणीच्या सणाला पुन्हा तेच आख्यान होतं. पाळकसाहेबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. परतलेल्या पोराकडे बाप धावत निघतो, तिथे ते अडखळले. डोळे मिटून ओळ शोधू लागले. सुजयने लगेच झील धरली, मला खणकन वाजवलं. पुन्हा अडखळले, पुन्हा त्याने सांभाळलं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला! समोर त्याचा फोन उभा करून ठेवला होता. त्यावर सगळं टिपलं जात होतं.

आणि त्या गाढवाने काय करावं? अडखळण्याचे तेवढे तुकडे कापले, एकापुढे एक जोडले. पाळकसाहेब थांबतात, झण्ण! डोळे मिटतात, झण्ण! वर दात काढून हसणारी पिवळी तोंडं. कंपनीच्या बसमध्ये म्हणे लोक पोट धरून हसले. मग ते फिरत फिरत रत्नागिरीला आलं, आमच्याच मंडळीतल्या फोनांवर.

ज्या आवाजाने मी म्हाताऱ्या माणसाची लाज राखली, तोच आवाज चोरून त्याची लाज काढली! मी रागवू नको तर काय करू?

मी खुंटीला टांगलेली होते. खाली पाळकसाहेबांची नात राही फोन लपवत होती.

"आजोबा, तुम्ही नका बघू ते."

"बघू दे गो. कीर्तन माझंच ना?"

त्यांनी शेवटपर्यंत बघितलं.

"झांज चांगली वाजवलीय," एवढंच म्हणाले. मग मला उपरण्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं. "नाताळचं कीर्तन दुसऱ्या कुणाला सांगा. माझ्यापायी लोक वचनाला हसत असतील, तर मी बसलेला बरा."

ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी धुमसत पडले. शेवटी कमलामावशी आली. आमच्या मंडळीतली सगळ्यात तोंडाळ बाई, देव तिचं भलं करो. तिने ट्रंक उघडून मला उचललं, तडक सुजयच्या घरी नेलं आणि त्याच्या ताटाशेजारी आदळलं.

"मेल्या, दापोलीला तुझ्या बापाजवळ कोण बसलं होतं? तुझी कंपनीची बस?"

"मावशी, गंमत होती. फक्त मित्रांना पाठवलं होतं."

"हो का? मग रविवारी उभा राहा नि ही गंमत मंडळीला सांग."

रविवारी उपासना संपली. पाळकसाहेब शेवटच्या बाकावर होते. सुजय मला हातात धरून पुढे उभा राहिला.

"पाळकसाहेब, मी... ते जे मी..."

पुढे शब्दच येईना. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, हसा अजून! कळू दे त्याला!

तेवढ्यात पाळकसाहेब उठले. काठी टेकत पुढे आले. सुजयच्या हातातून त्यांनी मला घेतलं आणि हलकेच वाजवत ध्रुपद धरलं, "बाप उभा दारी, पाहतसे वाट..." पुन्हा तेच. पुन्हा तेच. कमलामावशीने उचललं, मग सगळ्या मंडळीने. हसणाऱ्याचं हसू त्यात बुडून गेलं. ते सुजयसाठी झील धरत होते, त्याला ओळ सापडेपर्यंत.

सापडली. "मला क्षमा करा," तो रडत म्हणाला.

पाळकसाहेबांनी मला परत त्याच्या हातात दिलं. "नाताळला ताल सांभाळ बाबा. मी विसरणारच आहे."

त्यांनी क्षमा केली. मी अजून केलेली नाही. मी काशाची, तापले की लवकर निवत नाही. ती चित्रफीत कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये आहेच, आणि तिच्यात मी अजून त्यांच्यावर हसते आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे ती आली असेल, तर आधी पुसून टाका. आणि तुम्हाला वचन सांगणारा माणूस कधी अडखळला, तर त्याच्या गळ्यात हार नाही घातलात तरी चालेल. झील धरा.