पाचव्या महिन्याचं रक्त

धाकटीची शीर सापडायला ताईला कधी वेळ लागला नाही. सात वर्षं तीच सुई टोचत आलेली. दवाखान्याच्या रक्ततपासणीच्या खोलीत आणखी दोघी होत्या, पण धाकटी हट्टाने बहिणीसमोरच बसायची.

"तुझा हात हलका आहे," ती आजही म्हणाली. "लहानपणी माझी वेणी घालताना मात्र नव्हता."

"कापूस दाबून धर. चोळू नकोस."

"सात वर्षांत एवढं तरी शिकलेय गं." पोट सावरत ती बाहेर बाकावर जाऊन बसली. पाचवा महिना लागला होता.

सात वर्षांपूर्वी धाकटीच्या रक्तात पांढऱ्या पेशींना ऊत आला होता. लाखात एखाद्याला होणारा रक्ताचा कॅन्सर, तो नेमका हिला. मग ती गोळी आली. रोज एक, भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर. इतर औषधं सुक्याबरोबर ओलंही जाळतात. ही मात्र गर्दीत शिरून चोराचंच मनगट धरायची. सकाळी डोळे सुजायचे, पोटऱ्यांत गोळे यायचे, पण धाकटी जगली. नोकरीला लागली, लग्न केलं, आणि मग तिला मूल हवंसं झालं.

गोळी पोटातल्या जिवाला बाधू शकते. रक्त स्वच्छ राहतंय याची डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षं खात्री केली, तेव्हा कुठे गोळी थांबवली. "दर महिन्याला तपासू," त्या म्हणाल्या होत्या. "आकडा चढला तर उपचार सुरू करावे लागतील. मग बाळाचं मला काही सांगता येणार नाही."

मागच्या महिन्यात पांढऱ्या पेशी अकरा हजार होत्या. काठावर, पण सुखरूप.

ताईने नळी मशीनमध्ये लावली. अठ्ठेचाळीस हजार.

तिने नळी हलक्या हाताने खालीवर केली, पुन्हा लावली. अठ्ठेचाळीस हजार दोनशे. मशीन पारखायचा ठेवणीतला नमुना लावला; मशीन शहाण्यासारखं बरोबर बोललं. तिसऱ्यांदा धाकटीची नळी लावली, तेव्हा शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "मशीनशी भांडतेस का?"

"भांडून बघतेय."

शेवटी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरला, रंगवला, भिंगाखाली धरला. कच्च्या पेशी दाटीवाटीने उभ्या, हाडांतल्या घरातून वेळेआधी बाहेर पडलेल्या. ताईने डोळा भिंगावरून काढला नाही. काढला की ते खरं होणार होतं.

रिपोर्ट आधी डॉक्टरीणबाईंकडे जायचा, रुग्णापाशी अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. पण उशीर झाला म्हणून धाकटीच दारात आली.

"किती?"

"डॉक्टरीणबाई सांगतील."

"म्हणजे खूप."

ताईने तिला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. "या आजारात प्लीहा सुजते. डाव्या कुशीत जड वाटतंय?"

"तीन आठवडे झाले. बाळ त्या बाजूला झोपतं, असं मी ठरवून टाकलं."

"सांगायचं नाही का, वेडे?"

"सांगितलं असतं तर तू मोजलं असतंस." धाकटी हळूच म्हणाली, "मागचाच आकडा लिही, ताई. एकच महिना. तेवढ्यात ते थोडं मोठं होईल."

"आणि तू?"

"माझं मी बघेन."

"काय बघशील? रक्ताला दटावशील?"

धाकटी हसायला गेली, पण ओठ वाकडे झाले. "आयुष्यात तुझ्याकडे हट्टाने मागितलेल्या कशालाच तू नाही म्हणाली नाहीस. फ्रॉक दिलास, खिडकीची जागा दिलीस."

ते सारं ताईचं होतं, म्हणून देता आलं. हे तिचं कुठे होतं? अकरा लिहिलं तर बहीण जाणार, अठ्ठेचाळीस लिहिलं तर कदाचित ते बाळ, ज्याच्यासाठी ताईने स्वतःच दोन टोपडी विणायला घेतली होती. पेटलेली दोन्ही घरं आपलीच, आणि हाती पाण्याची घागर नाही.

तिने अठ्ठेचाळीस हजार दोनशे लिहिलं. खाली कच्च्या पेशींबद्दल दोन ओळी लिहिल्या, सही केली. धाकटी सहीकडे बघत होती. रडली नाही, भांडली नाही. स्टूल तेवढं वीतभर मागे सरकवलं.

कागद आत गेला. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंच्या दारातून नर्सने हाक दिली. पुन्हा दिली.

धाकटी उठली नाही. आणि तिला उठवायला ताईचे हलके हात काही केल्या पुढे होईनात.