अडुसष्ट अंशांवरच्या रेघा

मित्रांनो, एकाच डोळ्याचा म्हणून मला हसू नका. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि या एका डोळ्यानं मी जे पाहिलं, ते दोन डोळे असणाऱ्या कित्येकांना अजून दिसलेलं नाही. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या. म्हातारपणी एवढी सवलत मिळायला हरकत नाही.

माझं भिंग एका लांबट कारखान्यात, उत्तरेच्या खिडकीपाशी तयार झालं. ते घासणारे आजोबा दिवसभर एकच काम करत. घासायचं, पुसायचं, उजेडाकडे धरायचं आणि मान हलवायची. तीन आठवडे ती मान आडवी हलत राहिली, तेव्हा कुठे एकदा उभी हलली. त्या मानेचे माझ्यावर उपकार आहेत. "चालतंय की" म्हणून त्यांनी मला घाईनं पुढे ढकललं असतं, तर मी जन्मभर सगळं धुरकट पाहिलं असतं.

मी चारचौघांसारखा सूक्ष्मदर्शकही नाही. माझ्या पोटात खास दोन काचा आहेत, एक खाली आणि एक वर. त्या एकमेकींशी काटकोनात फिरवल्या की त्यांतून उजेड पार होत नाही. डोळा लावणाऱ्याला काळोख दिसतो. पण दोघींच्या मध्ये असा पदार्थ ठेवा, ज्याचे रेणू एका दिशेनं शिस्तीत उभे आहेत. तो उजेडाला वळण लावतो आणि काळोखातून रंग वर येतात. म्हणजे रेणू मला दिसत नाहीत, ते फारच बारीक. त्यांची शिस्त मात्र मला दिसते. माझ्या मंचावर काडेपेटीएवढी भट्टीही बसवलेली आहे. तिच्यात पदार्थ तापवायचा, हळूहळू निववायचा आणि तो शिस्तीत कसा येतो ते बघायचं, हेच माझं आयुष्यभराचं काम.

मी प्रयोगशाळेत आलो तेव्हा तिथले प्रमुख, म्हणजे आमचे सर, तरुण होते, डोक्यावर भरपूर केस होते आणि आवाज जिन्यापर्यंत पोचायचा. मला खोक्यातून उचलून टेबलावर ठेवलं ते काकांनी. काका म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. काच धुण्यापासून नळ दुरुस्त करण्यापर्यंत सगळं त्यांच्या गळ्यात. पहिल्या दिवशी त्यांनी मला पुसलं आणि म्हणाले, "चला, आता आपली जोडी." पुढे सव्वीस वर्षं त्यांनी तो शब्द पाळला.

माझे चांगले दिवस फार चांगले होते. सर तासन्‌तास माझ्यापाशी बसत. बाहेरून पाहुणे आले की त्यांना आधी माझ्याकडे आणत, आणि पाहुणे डोळा लावून "अरे वा!" म्हणत. ते "अरे वा" जणू माझंच कौतुक आहे असं मी खुशाल समजून घेई.

मग दिवस फिरले. माझ्यावर बसवलेला कॅमेरा बिघडला, त्याचा सुटा भाग मिळेना. शेजारच्या खोलीत क्ष-किरणांचं मोठं यंत्र आलं आणि सगळी गर्दी तिकडे गेली. एका हिवाळ्यात तर कुणीतरी माझ्या मानेवर ओला हातरुमाल वाळत घातला. काकांनी तो उचलला आणि ज्याचा त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून माझ्यासाठी एक आच्छादन आलं. काकूंनी जुन्या पडद्याचं शिवलेलं, आत मऊ अस्तर लावलेलं. इतकं नीट मापाचं कापड पुष्कळ माणसांच्याही नशिबी नसतं.

आणि मग ती आली.

सरांच्या या नव्या विद्यार्थिनीला सगळे घड्याळताई म्हणत, कारण ती कुठलीही नोंद ठरल्या क्षणी करी, एक क्षण मागेपुढे नाही. ही शिस्त सरांचीच. "पाहिलं की लिहायचं. लक्षात ठेवतो म्हणणारा माणूस खोटं लिहितो," असं ते नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगत. तिनं ते वाक्य गाठीला बांधलं होतं.

चार वर्षं खपून तिनं एक पांढरी पूड तयार केली होती. चमचाभरच, पण गुणाची. तिचे रेणू काडीसारखे लांबट. पूड तापवून पातळ केली की ते मधल्या सुट्टीतल्या मुलांसारखे कुठेही, कसेही धावत. मला फक्त काळोख दिसे. जरा निवली की ते थर करून उभे राहत. एखाद्या इमारतीचे मजले समजा. प्रत्येकजण आपल्या मजल्यावर ताठ उभा, पण मजल्यावरच्या मजल्यावर इकडेतिकडे फिरायला मोकळा. तेव्हा मला रंगीत पंखे उघडल्यासारखे दिसत. आणखी निवली की तेही फिरणं बंद होई. रेणू इतके दाटीनं उभे राहत, की स्वतःभोवती गिरकी घ्यायलाही जागा उरत नसे. तेव्हा पंख्यांवर आडव्या कमानींसारख्या रेघा उमटत आणि तशाच राहत.

इथवर सगळ्यांना मान्य होतं. ताईचं म्हणणं असं, की या दोन अवस्थांच्या मध्ये आणखी एक अवस्था आहे. तिच्यात प्रत्येक रेणू आपली जागा धरतो, सहा शेजारी भोवती घेऊन, मधाच्या पोळ्यातल्या घरासारखा, पण जागच्या जागी गिरकी मात्र घेऊ शकतो. ही अवस्था जेमतेम दोन अंश टिकते. आणि ती सुरू होताना पंख्यांवर फिकट रेघा उमटतात आणि काही क्षणांत विरतात.

तिनं त्या एकदाच पाहिल्या होत्या. अडुसष्ट अंशांवर.

त्यानंतर अकरा वेळा तिनं तोच प्रयोग केला आणि अकराही वेळा तिला काही दिसलं नाही. मला मात्र बाराही वेळा दिसल्या. मित्रांनो, तोंड नसण्याचं दुःख मला फारसं होत नाही, पण त्या दिवसांत झालं. तिनं पूड पुन्हा शुद्ध केली. भट्टीचा तापमापक तपासला. शेवटी माझ्यावरही संशय घेतला, आणि मला राग आला नाही. तिची परिस्थितीच तशी होती.

सरांनी तिची वही पाहिली आणि त्या पहिल्या नोंदीशेजारी लाल शाईनं एकच शब्द लिहिला: 'भास'.

"सर, मी खरंच पाहिलंय," ती म्हणाली.

"बारातून एकदा? अगं, एकदा तर मलाही भिंतीवर वाघ दिसेल. क्ष-किरणांनी खात्री करावी, तर त्या यंत्राचा नंबर लागायला चार महिने आहेत, आणि तुझा प्रबंध पंधरवड्यात द्यायचाय. शुक्रवारी मी स्वतः येऊन बसतो. दिसल्या तर या अवस्थेचं प्रकरण प्रबंधात राहील. नाही दिसल्या, तर तू आपल्या हातानं काढून टाकायचं." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "आणि या म्हातारबुवांनाही आता निरोप द्यायला हवा. काकांना सांग, भंगाराच्या यादीत घाला."

सर दुष्ट नव्हते हं. खोट्या नोंदीनं प्रयोगशाळेची अब्रू जाते, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं होतं. पण ते गेल्यावर ताई माझ्याशेजारच्या स्टुलावर बसली आणि तिनं आईला फोन लावला. "प्रकरणाचं काही नाही गं आई. पण मी न पाहिलेलं लिहिते, असं त्यांना वाटतंय. मी पाहिलंय गं." पलीकडून आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ताईनं बाहीनं डोळे पुसले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, माझं नेत्रभिंगही पुसून ठेवलं.

गुरुवारी दुपारी काका मला झाकायला आले, तेव्हा ती वहीची पानं पुढेमागे चाळत होती. काकांना इंग्रजी आकडेमोड कळत नसे, पण शाई कळे. ते थबकले.

"ताई, ही ओळ माझ्या पेनाची आहे."

"कुठली?"

"ही लाल शब्दाशेजारची. बाकीची वही निळी, आणि ही हिरवट. हे माझं पेन. सामानाच्या यादीवर मी यानंच खुणा करतो. त्या दिवशी तुमचं पेन संपलं होतं. तुम्ही इथूनच ओरडलात, काका, पेन द्या. पण डोळा काही उचलला नाहीत. मला कोठारातून पेन आणायला चांगला वेळ लागला."

ताई वहीवर वाकली. बोट फिरवत तिनं त्या पानावरच्या वेळा वाचल्या. एकोणसत्तर अंशांची नोंद निळी. तिच्यानंतर सलग तीन नोंदी हिरव्या, एकदमच लिहिलेल्या.

तिला कळलं, आणि मला तर गडगडाटी हसावंसं वाटलं. अहो, घड्याळताईच ती! दर अंशाला मान खाली घालून नोंद करणार. रेघा उमटायच्या नेमक्या अडुसष्टवर, आणि नेमक्या अडुसष्टलाच तिची मान वहीत. बरं, पांढऱ्या पानावरून उठलेला डोळा माझ्या मंद उजेडात लगेच बसत नाही. तो बसेपर्यंत रेघा विरून जात. पाहिलं की लिहायचं, हे तिनं इतकं मनापासून पाळलं, की पाहायचंच राहून गेलं. फक्त पेन संपलं त्या दिवशी ती नुसती बघत बसली होती.

"काका," ती म्हणाली, "उद्या तुम्ही लिहाल?"

"मी? माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

"चालेल. कोंबडी चालेल. मी डोळा हलवणार नाही, एवढंच ठरवलंय."

शुक्रवारी सर आले. ताईनं आधी खिडकीचे पडदे ओढले आणि मग स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं. "सर, मी नाही, तुम्हीच बसा. मी आकडे वाचते, काका लिहितील. फक्त डोळा उचलू नका. शिंक आली तरी."

"मला शिकवतेस?" सर म्हणाले, पण बसले. आठ वर्षांनी त्यांची भुवई माझ्या नेत्रभिंगाला टेकली. ती आता पांढरी झाली होती. टेकायची ढब मात्र तीच, जरा डावीकडे झुकलेली. मी ती लगेच ओळखली.

ताई भट्टी अगदी सावकाश निववत होती. एकेका अंशाला दहा दहा मिनिटं. सत्तर. एकोणसत्तर. सर दोनदा पुटपुटले, की मान अवघडली. काका पेन उघडून बसले होते. माझं तर सगळं आयुष्य त्या एका भिंगात गोळा झालं होतं. आजोबा, तुमच्या तीन आठवड्यांना आज जागतो, असं मी मनात म्हणालो.

"अडुसष्ट," ताई म्हणाली.

सरांनी श्वास आत ओढला.

"आल्या." जरा वेळानं म्हणाले, "गेल्या."

सरांनी डोळा उचलला नाही. वीस मिनिटं तसेच बसून राहिले. सहासष्ट अंशांवर ते पुन्हा म्हणाले, "आल्या. आता राहिल्यात."

ते उठले, मान चोळली, काकांच्या हातातून वही घेतली. सव्वीस वर्षांत काकांचं अक्षर त्या प्रयोगशाळेच्या वहीत पहिल्यांदाच उमटलं होतं: 'रेघा आल्या. रेघा गेल्या. परत आल्या, राहिल्या.' त्याखाली सरांनी सही केली. मग पानं मागे उलटली, लाल 'भास' शोधला, त्यावर आडवी रेघ मारली आणि तिथंही सही केली.

"मी घालून दिलेला नियम होता," ते ताईला म्हणाले. "तू पाळलास, आणि मी तुलाच खोटं ठरवलं. माझं चुकलं, बाळ." मग दाराशी थांबून म्हणाले, "काका, ते भंगाराच्या यादीतलं नाव खोडा."

मित्रांनो, त्या यादीवर हिरवट शाईची काट इतक्या जोरात बसली, की कागद फाटला.

त्याला आता सहा वर्षं झाली. काका निवृत्त झाले. अधूनमधून येतात आणि माझं आच्छादन धुवायला घरी घेऊन जातात. मी तळमजल्यावरच्या खोलीत असतो, तिथं शाळेची मुलं येतात. तुम्हीही याल कधीतरी. आलात तर माझ्या भिंगाला बोट लावू नका, बघून झालं की मला झाकून ठेवा. मी एवढंच मागतो. मला फार मिळालंय. घासणारे हात मिळाले, पुसणारे हात मिळाले, आणि चूक झाली तेव्हा ती स्वतःच्या हातानं खोडणारा माणूसही पाहायला मिळाला.

आणखी एक. दारात तुम्हाला ताई भेटतील. आता त्या शिकवतात. त्यांच्या हातात एक डबा असतो. मुलं वह्या सरसावून आत शिरायला लागली, की त्या डबा पुढे करतात.

"पेनं इथं टाका," त्या म्हणतात. "आधी बघून या, मग परत देते."

डब्याच्या तळाशी एक जुनं हिरवट शाईचं पेन कायम पडलेलं असतं. ते त्या कुणालाच देत नाहीत.