एवढं सांगून झाल्यावर

काकांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, मग जरा लांब नेला, मग पुन्हा नाकाजवळ आणला. अहवालावर नाव त्यांचंच होतं, तेवढं मोठ्या अक्षरांत असल्यामुळे वाचता आलं.

या कारखान्याच्या ऑफिसात दर वर्षी प्रत्येकाचा इंग्रजीत अहवाल निघे आणि साहेबांकडे जाण्याआधी तो काकांच्या टेबलावर तपासला जाई. हा नियम तीस वर्षांपूर्वी काकांनीच घातला होता. त्यात अपवाद ठेवावा, हे तेव्हा त्यांना सुचलं नव्हतं. म्हणून आज स्वतःचाच अहवाल तपासायला आला होता. लिहिला होता शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंनी, आणि त्यांना मसुदा लिहायला शिकवलं होतं काकांनीच. आपलेच दात, आपलेच ओठ.

साचाही काकांचाच. आधी चार ओळी कौतुक, मग 'हॅविंग सेड दॅट', म्हणजे एवढं सांगून झाल्यावर, आणि मग खरं काय ते. वरचं 'वक्तशीर, नम्र, कष्टाळू' आता कुणी वाचतच नसे. पाकीट फोडलं की लोक ते तीन शब्द शोधत आणि तिथून पुढे वाचायला लागत. मोठ्या साहेबांचं बोटही सरळ तिथेच जाऊन टेकायचं. काकांना सगळे 'हॅविंगकाका' म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

या वेळी त्या अहवालावर नोकरीची दोन वर्षांची मुदतवाढ अवलंबून होती. काकांना ती हवी होती, अगदी मनापासून. बायको गेल्यापासून घरात बोलणारा रेडिओ तेवढा उरला होता, आणि तो काही कुणाचं ऐकून घेत नसे.

"बाई, जरा वाचून दाखवता?"

बाईंनी मान वर केली. असं काकांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं.

"चष्मा विसरलात?"

"नाकावरच आहे."

बाईंनी कागद घेतला. वाचत गेल्या तसा मराठीत अर्थही सांगत गेल्या. नजर कमी झाली आहे. बारीक टाइप सुटतो. या वर्षी दोन पत्रांतल्या चुका तपासणीत तशाच राहिल्या. काकांचे कान तापले. कौतुकाच्या चार ओळी गेल्या कुठे? निदान रीत म्हणून तरी?

बाईंनी घसा साफ केला.

"हॅविंग सेड दॅट," त्या म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या. समोरच्याची बाजू ऐकल्याशिवाय या माणसाने कुणाबद्दल वाईट शेरा जाऊ दिला नाही. इथे ज्यांना दोन ओळी धड लिहिता येतात, त्यांना यांनीच शिकवलं. हे टेबल सांभाळायला अजून दुसरं कुणी तयार नाही, हा अहवाल लिहिणारी तर नाहीच.

काकांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"उलटं लिहिलंत."

"एक अक्षर खोटं नाही त्यात, काका."

"क्रम चुकलाय."

"साहेब कुठून वाचतात, ते तुम्हीच शिकवलंत की."

काकांनी हात पुढे करून कागद परत घेतला आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

"पत्रं दोन नाहीत, तीन."

"तिसरं कुठलं?"

"गोदामातल्या माणसाचं. 'कामावरून कमी करू नये' असं हवं होतं, 'कमी करावं' असं गेलं. डबा उचलून घरी निघाला होता बिचारा. मीच धावत फाटकापर्यंत गेलो, माघारी आणला. कुणाला बोललो नाही."

"मग आता तरी कशाला? हात दाखवून अवलक्षण!"

काका कागदावर वाकले. एकेक अक्षर चाचपल्यासारखं लिहीत होते. बाई दुसरीकडे बघत राहिल्या. काकांचा साचा त्यांना पाठ होता. खरं ते शेवटीच जाणार, आणि साहेबांचं बोटही तिथेच पोचणार.

कागद हातात आला तेव्हा त्यांनी आधी शेवट पाहिला. तिथे लाल शाईचा ठिपकाही नव्हता. तिसऱ्या पत्राची ओळ, अगदी सगळी हकिगत धरून, पहिल्याच परिच्छेदात होती. त्या तीन शब्दांच्या वर.

"तारीख तेवढी बघून घ्या," काका पेनाला टोपण लावत म्हणाले. "मला दिसली नाही."