तक्रार निकाली निघाली म्हणे!

मित्रांनो, मी एक जुना एसी आहे. मोशीतल्या एका इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, पलंगाच्या वर भिंतीला लटकून असतो. माझं अर्धं अंग घरात आणि अर्धं बाहेर बाल्कनीत. मधे तांब्याची नळी. आज मी जरा चिडूनच बोलणार आहे. या उन्हाळ्यात माझ्या वाट्याला जे आलं, ते ऐकून तुम्हीही चिडाल.

माझे मालक ज्योतीराम लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशिनवर पत्रे वाकवतात. त्यांना कायमची रात्रपाळी लागली, म्हणून मला या घरात आणलं. सगळं जग कामाला निघतं तेव्हा कंपनीची बस त्यांना घरी सोडते. वर तापलेली गच्ची, खिडकीत ऊन. अशा खोलीत माणूस झोपणार कसा? पहिल्या दिवशी मी खोली गार केली तेव्हा त्यांनी माझ्यावरून हात फिरवला होता. त्यांच्या बायकोने, मिनलताईंनी, मला हळदकुंकू लावलं होतं. पुढे कोण लावतंय! माझ्या जाळीवर धूळ साचून तिची गोधडी झाली, तरी कुणी वर पाहिलं नाही. तरीही मी काम करत राहिलो.

मग बाल्कनीला लोखंडी ग्रिल बसलं. बसवणाऱ्याने माझी नळी ग्रिलच्या कडेला दाबून टाकली आणि तो निघून गेला. मी चालू झालो की थरथरतो. थरथरून थरथरून नळी त्या कडेवर घासत राहिली आणि ऐन चैत्रात तिला बारीक भोक पडलं. त्यातून गॅस निसटू लागला आणि गॅससोबत तेलाचे थेंब. खाली फरशीवर डाग पडला. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला फक्त घरघरता येतं.

मी गरम वारा सोडायला लागलो, तशी ज्योतीरामांनी आधी मला चापट्या मारल्या. मग तक्रार नोंदवली. पहिला मेकॅनिक आला, पलंगावर चढला आणि म्हणाला, "गॅस संपलाय." त्याने गॅस भरला. अरे, पण संपला तो गेला कुठे? ते बघायला तो बाल्कनीत पाऊलही टाकेना. थोडे दिवस मी गार वारा दिला आणि पुन्हा तेच. दुसरा आला, तो म्हणाला, "बोर्ड गेलाय." माझा धडधाकट बोर्ड काढून तो घेऊन गेला. माझं झाकण कपाटावर ठेवलं आणि पोट उघडं टाकून मला तसंच लटकत ठेवलं. वर मिनलताईंच्या मोबाइलवर मेसेज आला, की तुमची तक्रार निकाली निघाली आहे!

मिनलताईंनी फोन लावला. पलीकडून गोड आवाज आला, "मॅडम, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

"गुण? अहो ताई, एसीचं पोट उघडं पडलंय, नवरा झोपेवाचून अर्धा झालाय. तक्रार तुमची निघाली निकाली, आमची आहे तशीच आहे!"

"नवीन तक्रार नोंदवू का, मॅडम?"

मिनलताईंनी कपाळावर हात मारला. मला हात असता तर मीही मारला असता.

दिवसा त्या नवऱ्याच्या अंगावर ओल्या चादरी घालायच्या, वर्तमानपत्राने वारा घालायच्या, दारावर कुणी आलं तर बेल वाजण्याआधीच धावायच्या. तरी ज्योतीराम कुशीवर कुशी बदलत राहायचे. आणि एका सकाळी ते घरी आले ते थेट जमिनीवर बसले.

"काय झालं हो?"

"डोळा लागला गं. मशिनवरच. हात प्रेसखाली गेला होता. सेन्सर होता म्हणून मशिन वरच्या वर थांबली." त्यांनी दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले. "न्हाईतर आज हे नसते."

चपला घालून मिनलताई तडक इमारतीशेजारच्या जुन्या घरात, शालनबाईंकडे गेल्या. शालनबाई मूळच्या इथल्याच. त्यांच्या घरी कांदा ठेवायला दगडी भिंतींची एक खोली होती. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आगं, मग आदी का न्हाई सांगितलंस? पाठीव त्याला हिकडं. कांद्याचा वास येईल, पर खोली गार हाय."

ज्योतीराम त्या दिवशी कांद्यांच्या शेजारी गाढ झोपले. आणि मिनलताई सर्व्हिस सेंटरवर जाऊन बसल्या. "उद्या पाठवतो," असं तिथला माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता. "उद्या नको. मी इथेच बसते, तुमचा माणूस निघाला की त्याच्याबरोबर उठते," असं म्हणून त्या बसूनच राहिल्या. शेवटी जयसिंग नावाचा मेकॅनिक माझा बोर्ड घेऊन त्यांच्याबरोबर निघाला. बोर्डात काहीच बिघाड सापडला नव्हता.

त्याने गॅसची टाकी उघडायला घेतली, तशा मिनलताई आडव्या आल्या. "आधी बाल्कनीत चला. एसी चालू होता तेव्हा ही फरशी मी रोज पुसायचे आणि रोज इथे तेलाचा डाग पडायचा. हे तेल कुठून येतं ते मला दाखवा, मगच गॅस भरा."

जयसिंग वाकला. नळीवर साबणाचा फेस लावला. ग्रिलपाशी फुगे उठले.

"लीक आहे, ताई. हे आधीच बघायला हवं होतं आम्ही."

इतक्या दिवसांनी कुणीतरी खरं बोललं! त्याने नळी सांधली, ग्रिलपासून दूर बांधली, बोर्ड बसवला, गॅस भरला, माझी जाळी धुतली, माझं पोट बंद केलं. मी पुन्हा थंड वारा सोडला.

"बघते जरा, खरंच गार होतंय का," म्हणत मिनलताई पलंगावर टेकल्या. टेकल्या त्या आडव्या झाल्या आणि क्षणात झोपी गेल्या. एवढ्या दिवसांत त्याही झोपल्या नव्हत्या, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी ज्योतीराम वर आले. दारातच थांबले. मला चापट्या मारणाऱ्या त्या हातांनी त्यांनी बायकोच्या अंगावर चादर घातली आणि पाऊल न वाजवता चहा ठेवायला गेले. तेवढ्यात खालून शालनबाईंनी हाक मारली, "झाला का रं नीट?"

ते बाल्कनीत धावले. "हळू, काकू! मिनल झोपलीय."

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. यंत्र बिघडलं की त्याला बडवू नका. ते कशामुळे बिघडलं, तेवढं विचारा. आमची जाळी अधूनमधून धूत जा. आणि आमच्याकडे बघून झालं की एकदा घरातल्या माणसांकडेही बघा. कोण झोपलेलं नाही, ते कळेल.