नारळ, लाल तेल आणि मागचा गिअर

शेवटी अप्पांनी जीप शेतापासून मंगळवेढ्याच्या डांबरी रस्त्यापर्यंत उलटी चालवत आणली.

असं काही झालेलं नाही. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, घरात तसं जाहीर केलंय, आणि अव्वानं जाहीर केलं की ते आमच्याकडं गॅझेटात छापून आल्यासारखंच असतं. तेव्हा ही न झालेली गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

अप्पा म्हणजे अण्णाराव, माझे वडील. गेल्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला आणि डावा पाय अर्धवेळ कामावर गेला. क्लच दाबायला डावा पाय लागतो, म्हणून ऑटोमॅटिक जीप घेतली. शेताची वाट काळ्या मातीची, म्हणून माझ्या थोरल्या भावानं, सोमशेखरनं ती जमिनीपासून उंच करून घेतली. उंच स्प्रिंगा, ट्रॅक्टरला लाज वाटावी असे टायर. जीप इतकी उंच झाली की जिच्यात बसण्यासाठी ती घेतली त्या माणसालाच चढता येईना. मग देवघरातला चौरंग जीपच्या दाराशी आला. देवांनी तक्रार केली नाही.

तक्रार गिअरबॉक्सनं केली. एवढे टायर फिरवणं त्याच्या नोकरीच्या अटींत नव्हतं. चढ आला की तापायचा आणि झटके द्यायचा. झटका हा शब्द आमच्या घरात कुणाला आवडत नाही.

"आता पुरे," अव्वा म्हणाली. "चावी ठेवा. ड्रायव्हर बघू."

"एकदा शेतावर जाऊन परत येतो की," अप्पा म्हणाले. "मी चालवीन, कुणी हात लावायचा न्हाय. न्हाय जमलं, तर चावी तुज्या कमरेला. परत मागनार न्हाय."

अप्पा कधी पैज लावत नाहीत. त्यामुळं ही लागली, आणि जीप आधी दुरुस्तीला गेली.

होटगी रोडच्या इक्बालभाईंनी गिअरबॉक्स खाली उतरवून आत जाड क्लचप्लेटा घातल्या, नवा कन्व्हर्टर बसवला आणि तेल थंड राहावं म्हणून बंपरच्या खाली वेगळा कूलर लावला, वारा लागेल असा. जीप दारात सोडताना म्हणाले, "अप्पा, अब हत्ती बांधो, खेंचेगी. बस तेल संभालो. तेल गया तो सब गया."

"तेल आमी जेवनात पन सांभाळतो," अप्पा म्हणाले. झटक्यानंतरचा त्यांचा हा पहिला विनोद. आम्ही गरजेपेक्षा जास्त हसलो.

आता पूजा. चाकांखाली लिंबं, काचेवर विभूती, बॉनेटला कुंकू आणि नारळ. आमच्यात गाडीचा नारळ दगडावर फोडत नाहीत, गाडीच्याच लोखंडावर फोडतात. लुना, ट्रॅक्टर, सगळ्यांना हाच मान मिळालाय. सोमशेखर नारळ घ्यायला पुढं झाला तर अप्पांनी त्याला कोपरानं बाजूला सारलं.

"हात चांगला हाय माजा."

हात खरंच चांगला होता. तो सवयीप्रमाणे बंपरच्या उंचीला उतरला. फक्त तिथं आता बंपर नव्हता. जीप वर गेली होती, हात जुन्याच उंचीवर राहिला होता. नारळ कूलरच्या नळीपाशी बसला आणि एका घावात फुटला.

"एका घावात!" अव्वा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जीपखालीही आलं. नारळाचं पाणी ओघळत होतं आणि त्यात लाल थेंब पडत होते.

"कुंकू उतरतंय," अव्वा म्हणाली. "शुभ हाय."

गिअरबॉक्सचं तेल लाल असतं हे आम्हाला माहीत होतं. पण कुंकू जास्त वर्षांपासून माहीत होतं. आम्ही सगळ्यांनी त्या थेंबांना नमस्कार केला.

साक्षीदार म्हणून मी शेजारी बसलो. शेतापर्यंत अप्पांनी जीप अशी नेली की मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्यांच्याकडं बघितलं असतं तर रडलो असतो. त्यांनी ज्वारी बघितली, जीप वळवून घराकडं तोंड केलं आणि पाय दाबला. इंजिन ओरडलं. जीप जागची हलली नाही. करपलेला वास आला. खाली वाकून बघितलं, तर पाटापासून आमच्या चाकापर्यंत लाल रेघ.

"शरण, खरं सांग. गेला?"

"पुढचे गेलेत अप्पा. सोमूला फोन लावू?"

"मागचा बघू." त्यांनी दांडा रिव्हर्सला टाकला. जीप मागं सरकली. अप्पांनी कपाळ पुसलं. "मागं जानं पन चालवनंच की."

त्यांनी जीप तशीच मागं मागं घेत परत फिरवली आणि आम्ही निघालो. तोंड शेताकडं, जाणं घराकडं. मान पुरती वळत नव्हती, म्हणून आरशात बघून. समोरून, म्हणजे आमच्या मागून, उसाचा ट्रॅक्टर आला. त्याच्या ड्रायव्हरनं आमची पाठ आपल्याकडं येताना बघितली आणि गुपचूप बांधावर चढला. त्यानं अप्पांना हात केला. अप्पांनीही केला, मोठ्या रुबाबात. तेव्हा मला वाटलं, पोचू.

डांबरी रस्ता दिसला आणि मागचाही गेला.

सोमशेखर दोर घेऊन आला आणि आम्हाला ट्रॅक्टरमागं ओढत घरी नेलं. स्टिअरिंग अप्पांच्याच हातात होतं. ओढलेली गाडीही कुणीतरी धरावी लागते.

दारात अव्वानं दोर बघितला, लाल रेघ बघितली, मग अप्पांकडं बघितलं.

"आज कुनी कुटं गेलं न्हाय," ती म्हणाली. "पैज अजून व्हायचीय. जेवायला या."

अप्पा चौरंगावर पाय ठेवून खाली उतरले. चावी तिच्या कमरेच्या केळात, लुगड्याच्या खोचलेल्या घडीत अडकवली, जीपला एकदा हात लावला आणि आत गेले. त्यानंतर त्यांनी चावीचं नाव काढलेलं नाही. अव्वा रोज ती त्यांच्या चहाच्या बशीशेजारी ठेवते आणि रोज उचलते.

सबब, माननीय प्रादेशिक परिवहन अधिकारी, सोलापूर यांना नम्र विनंती की, श्री. अण्णाराव यांना मागील दिशेने वाहन चालविण्याचा अनुभव असल्याने, आमच्या दारापासून नारळ फोडण्यापूर्वीच्या सकाळपर्यंतचा मार्ग त्यांच्यासाठी एक वेळ खुला करण्यात यावा, व तेथे बंपर पूर्वीच्या उंचीवर ठेवण्यात यावा.