लाल अक्षरांची पाटी

"पुन्हा एकदा! आणि या वेळी 'भरती' म्हणताना जरा समुद्राकडे बघ," आई म्हणाली.

थोरलीने मान डोलावली, कपाळावरचे केस मागे सारले आणि पुस्तक उघडून घडाघडा वाचायला सुरुवात केली. तीनदा फिसकटल्यावर एकदाचं सगळं मनासारखं जमलं. आईने स्टँडवरून फोन काढला, लेकीची पाठ थोपटली आणि आजची शाळा सुटली. पाच वर्षांची धाकटी केव्हाची खेकड्याच्या बिळात काडी घालून बसली होती.

दीड वर्षापूर्वी या कुटुंबाने थोरलीचं नाव शाळेतून काढलं, मोठ्या गाडीत बिछाने टाकले आणि समुद्राच्या कडेकडेने फिरायला सुरुवात केली. बाबांचं काम लॅपटॉपवरचं; जिथे इंटरनेट तिथे त्यांचं ऑफिस. शिकवायची जबाबदारी आईने अंगावर घेतली. तिचा हेतू चांगला होता, हे आधीच सांगितलेलं बरं. थोरली शाळेत रडत जायची आणि रडत यायची, ते आईला बघवत नव्हतं. पहिले काही महिने तिने मन लावून शिकवलंही. मग एकदा गंमत म्हणून धड्याचा व्हिडिओ टाकला, लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि हळूहळू धडा मागे पडून व्हिडिओ पुढे आला. आई वाक्य म्हणून दाखवायची, थोरली ते झटकन उचलायची. पोरीचं पाठांतर इतकं पक्कं की खुद्द आईलाच वाटायचं, ही वाचतेय!

त्या आठवड्यात बाबांची मोठी बहीण राहायला आली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची, त्यामुळे शिकणाऱ्यांचे सगळे बहाणे तिच्या ओळखीचे होते. सकाळी चहा घेताना तिने बिस्किटांचा पुडा थोरलीपुढे धरला. "वाच बरं, यात काय काय घातलंय?"

"आत्या, आधी आई म्हणून दाखवते ना, मग मी म्हणते!" असं म्हणत थोरली बाहेर पळाली.

आत्याने पुडा खाली ठेवला. मग हलक्या आवाजात आईला म्हणाली, "अगं, तुझ्या लेकीला वाचता येत नाही."

आईचा पारा चढला. "काहीतरीच काय, ताई! हजारो लोक बघतात तिला. कौतुक करतात!"

"कौतुक करायला त्यांच्या बापाचं काय जातंय? हे बघ, माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. परीक्षेचा रस्ता त्यांनी पाठ केला होता. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं चोख. एक दिवस नेमकं त्या वळणावर खोदकाम निघालं. समोर ढिगारा दिसतोय, तरी साहेबांनी सवयीने गाडी वळवली आणि घातली की ढिगाऱ्यात!"

"म्हणजे तिला परत शाळेत घाला, असंच ना?"

"शाळेचं नाव तरी काढलं का मी? घरी शिकव, गाडीत शिकव, झाडावर बसून शिकव. पण शिकव! तुझ्याकडे पोरीला चुकायची सोयच नाही. चुकली की तू पुन्हा करून घेतेस आणि चूक पुसून टाकतेस."

"तुम्ही दोघी जरा हळू बोलाल का? माझी मीटिंग चालू आहे," पलीकडून बाबा म्हणाले. विषय तिथेच राहिला, पण आईच्या मनातून काही गेला नाही. दुपारी ते पुढच्या किनाऱ्यावर पोहोचले तेव्हाही ती धुमसतच होती.

तिथे ऊन उतरत होतं, पाणी चमकत होतं. वाळूत लाल अक्षरांची एक पाटी उभी होती. आईने स्टँड लावला. फोनच्या पडद्यावर तिला दोघी बहिणी हात धरून पाण्याकडे जाताना दिसल्या. किती सुंदर दिसतंय, असं वाटून तिने बटण दाबलं. होय, आधी तिने बटण दाबलं!

आणि मग पडद्यावरून धाकटी दिसेनाशी झाली.

आई किंचाळत धावली. पाणी गुडघ्याएवढं होतं आणि पुढच्याच पावलाला पायाखाली काही उरलं नाही. थोरलीने बहिणीचा फ्रॉक घट्ट पकडला होता आणि ती स्वतःही गटांगळ्या खात होती. आरडाओरडा ऐकून बाबा लॅपटॉप टाकून आले, पाठोपाठ आत्या आली. तिघांनी मिळून दोघींना ओढून काढलं. धाकटीच्या नाकातोंडातून पाणी निघालं, आणि मग तिने भोकाड पसरलं.

"पाण्यात का गेलीस? पाटी दिसली नाही तुला?" आईने थोरलीला गदागदा हलवलं.

"दिसली ना!" थोरली हुंदके देत म्हणाली. "तिला वाचूनसुद्धा दाखवली. 'समुद्रकिनारा आपला आहे, तो स्वच्छ ठेवा. कचरा कुंडीतच टाका.'"

आईने पाटीकडे पाहिलं. लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'धोका! पाण्यात उतरू नये. तळ अचानक खोल होतो.'

थोरली म्हणाली ती वाक्यं मागच्या गावातल्या पाटीवरची होती. तीही पाटी अशीच, लाल अक्षरांची. तिच्यापुढे उभं राहून मायलेकींनी व्हिडिओ केला होता आणि आईने एकेक शब्द पढवला होता. पोरीचं काही चुकलं नव्हतं. शिकवलं तेच तिने म्हटलं होतं. आईने तिला छातीशी धरलं आणि ती ढसाढसा रडली. आत्याने धाकटीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई थोरलीला त्याच पाटीसमोर घेऊन बसली. फोन गाडीतच होता.

"धो... का... पा..." थोरली अडली. सवयीने तिने आईच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. "चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून?"

"नाही गं. चुकलं तर तिथूनच पुढे."

पोर पुन्हा अडखळली. 'पाण्यात'ला 'पानात' म्हणाली, स्वतःच हसली, बोट ठेवून पुन्हा वाचू लागली. ऊन चढेपर्यंत दोन ओळी झाल्या. तोवर आईने एकही शब्द सांगितला नाही, आणि ते तिला फार जड गेलं.

वाचकहो, मुलांना कुठे शिकवायचं, शाळेत की समुद्रावर, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण आपलं मूल चारचौघांत छान दिसावं म्हणून त्याचं न येणं झाकू नका! तुम्ही शेजारी नसाल तेव्हाही पुढची पाटी त्याला वाचता आली पाहिजे.